पायातली झेंडी की उपग्रह टॅग?

पक्ष्यांच्या मध्य आशियाई स्थलांतर मार्गावर तीस देश आहेत. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर उतरणारा मालगुजा, म्हणजे ब्लॅक-टेल्ड गॉडविट, वाचवायचा तर तो वाटेत कुठे थांबतो हे आधी कळायला हवं.

उपग्रह टॅग, म्हणजे पक्ष्याच्या अंगावर बसवलेलं छोटं यंत्र, ते आपणहून सांगतो, माणूस फिरकत नाही अशा दलदलीतूनही. पण टॅग पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत हवा. मालगुजा सुमारे ३०० ग्रॅमचा, म्हणजे ९ ग्रॅम चालतील. २५ ग्रॅमच्या टिलव्याला एक ग्रॅमही जड. शिवाय सौरपट्टीवर पिसं आली की चार्जिंग थांबतं. खर्चही मोठा, म्हणून मोजक्याच पक्ष्यांना लावतात.

पक्ष्याच्या पायात अडकवलेली प्लॅस्टिकची झेंडी स्वस्त, वजन नगण्य. मात्र कुणी पाहिली तरच उपयोग. इथे सोलापूरकरांचं काम सुरू होतं. साध्या दुर्बिणीपेक्षा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची जास्त शक्तीची दुर्बीण घ्या. रंग, पाय डावा की उजवा, झेंडी गुडघ्यासारख्या सांध्याच्या वर की खाली आणि अक्षरं, हे सगळं टिपा. वरच्या-खालच्या झेंड्यांच्या रंगांच्या जोडीवरून देश ओळखतात, त्यामुळे वरचा-खालचा रंग उलटा लिहिला तर पक्षी भलत्याच देशाच्या नावावर जातो. चिखलाने अक्षरं झाकली असतील तर पक्षी पाण्यात पाय धुईपर्यंत थांबा. अंदाजाने लिहू नका. फोटो, तारीख, ठिकाण बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.

आमच्या मते उजनीसाठी झेंडीच आधी.