१४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून बघितला, त्याबद्दल

मी ठाण्यात बाळकुमला राहते, डबे करते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, घरीच विलगीकरणात असलेल्या बऱ्याच जणांचं जेवण माझ्याकडून जायचं. दाराबाहेरच्या स्टुलावर डबा ठेवायचा, बेल मारायची आणि मागे न बघता जिना उतरायचा. एका आजोबांचा सकाळचा डबा संध्याकाळी तसाच दिसला. शेजारीण दार किलकिलं करून म्हणाली, पहाटे ॲम्ब्युलन्सने नेलं. ते काही परत आले नाहीत.

तेव्हापासून डबा न उघडता परत आला की माझ्या पोटात गोळा येतो आणि मी गिऱ्हाइकाला फोन लावत सुटते. मानपाड्याला पीजीत राहणारा एक मुलगा शेवटी वैतागला. "काकू, मित्राचा वाढदिवस होता, बिर्याणी खाल्ली. जिवंत आहे मी!" दोघंही हसलो. रात्री दोनला मात्र मी टक्क जागी.

मुलीने आधी समुपदेशनाच्या एका खासगी ॲपवर पैसे भरून दिले. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय, आणि समोरची बाई मला भीतीला दहापैकी मार्क द्यायला सांगतेय! आजोबांपर्यंत मी पोचलेच नाही. नंतर आठवडाभर पॅकेज घ्या म्हणून मेसेज येत राहिले, तेवढे नेमाने आले.

मग टेली-मानसला, म्हणजे १४४१६ वर, फोन केला. ही केंद्र सरकारची सेवा. कोविडने लोकांची मनं किती खचली ते दिसल्यावर २०२२च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला सुरू झाली. चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते. मी अर्थातच मराठी निवडली.

पलीकडच्या बाईंनी झोप विचारली, भूक विचारली, स्वयंपाकात लक्ष लागतं का विचारलं. जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारलं, आडवळण न घेता. मला ते बरं वाटलं. आपल्याकडे सख्खी माणसं हे विचारत नाहीत. आजोबांचं सगळं सांगून झालं तरी "आता विसरा हो" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना सगळे तारे देईन. उपाय साधाच निघाला: डबा भरलेला आला तर अर्धा तास फोन लावायचा नाही, तेवढ्यात बाकीचे डबे घासून घ्यायचे. ज्याला जेवायचं नसेल त्याने आदल्या रात्री कळवायचं, हा नियम मी माझा मीच केला. भाजीही वाया जात नाही. झोप तरीही सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा, असंही त्यांनी बजावलं. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडूनही देतात.

एवढी वर्षं झाली, मग मलाच हे का, असं मी घरी म्हणत होते. मुलीने जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा दाखवला: साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य साधारण २५ टक्क्यांनी वाढलं, जास्त फटका बायकांना आणि तरुणांना. माझा भाचा मेलबर्नला असतो. तिथे सहा टाळेबंद्या मिळून २६२ दिवस भरले, मध्ये तर घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी. तो गेल्या वर्षी ठाण्याला लग्नाला आला आणि हॉलमध्ये न बसता पार्किंगमध्ये जेवला. गर्दीत गुदमरतो म्हणे. आम्ही त्याला शिष्ट ठरवून मोकळे झालो होतो. जपानने तर फेब्रुवारी २०२१ मध्ये एकाकीपणाचं कामच एका मंत्र्याकडे सोपवलं. आधी मला त्याचं हसू आलं होतं, आता येत नाही.

दर आठवड्याला त्याच माणसाशी, समोरासमोर बसून बोलायचं असेल तर आपल्या गावातला समुपदेशक बघावा. ती गरज वेगळी. पण आपल्याला झालंय ते "आजार" म्हणण्याइतकं आहे की नाही इथेच जे अडलेत, त्यांनी हा नंबर लावावा. घरातून मात्र करू नका. टू बीएचकेत सासूबाईंना सगळं ऐकू जातं. मी दुपारी तीनला उपवन तलावाच्या कट्ट्यावर बसून केला. तेव्हा तिथे गर्दी नसते, आणि डब्यांचे फोनही चारनंतरच सुरू होतात.