रस्त्यावर पळावं की पर्वती चढावी?

पुण्यात राहून मी दोन्ही केलंय. आधी वर्षभर सकाळचं पळणं, आता तीन वर्षं पर्वती, म्हणजे शहरातल्या टेकडीच्या पायऱ्या. रोजचा पाऊण तासच हाताशी असेल आणि दोन्हींतलं एकच जमणार असेल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल.

दम वाढवायला दोन्ही चांगले. पहिल्या दोन आठवड्यांतच फरक कळतो, कारण रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, लवकर वाढतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. पुढे स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतले ऊर्जा बनवणारे कण, वाढतात, केशवाहिन्यांचं (अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं) जाळं दाट होतं. महिन्याभरात मी न थांबता पाच किलोमीटर पळू लागलो.

आणि तिथेच चुकलं. छाती तयार झाली होती, नडगी नव्हती. हाडावर नवा ताण आला की आधी जुना थर खरवडला जातो, मग नवा भरतो. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. इकडे पळताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. दम आहे म्हणून मी अंतर वाढवत गेलो. सहाव्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या कडेला नुसतं बोट टेकवलं तरी कळ यायची. तीन आठवडे विश्रांती, पुन्हा सुरुवात, पुन्हा तीच जागा. वर्षात तीनदा. कमावलेला दमही त्या सुट्टीत उतरायचा, त्याचं जास्त वाईट वाटे.

पर्वतीवर आधी धाप लागते, हाडं कुरकुरायच्या आत माणूस आपणच थांबतो. चढताना पाऊल आपटत नाही. त्रास आहे तो उतरण्याचा. मांडीचा स्नायू लांबत असतानाच भार पेलतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. या दुखण्यासाठी लोक व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडला उगाच दोष देतात. ते तासाभरात ओसरतं. पहिल्यांदा मी कठडा धरून उतरत होतो. कठड्यावर खडे मांडून फेऱ्या मोजणारे एक काका म्हणाले, "दुखतंय म्हणून महिनाभर गायब होऊ नका. पुढच्या वेळी निम्मंही दुखणार नाही." तसंच झालं. स्नायू त्या ताणाची ओळख ठेवतो, तीही काही आठवडे.

हाफ मॅरेथॉन धावायची असेल तर मात्र पळायलाच हवं. शरीर ज्या कामाला जुंपाल त्यातच तरबेज होतं. गुडघे आधीच दुखत असतील तर उतार जड जाईल, डॉक्टरांना विचारून घ्या. बाकी कुणी विचारलं तर मी पर्वतीच सांगेन.

सध्या माझ्या सहा फेऱ्या होतात. खाली आल्यावर डाव्या नडगीवर बोट दाबून बघायची सवय मात्र सुटलेली नाही. तीन वर्षांत कळ आलेली नाही.