कॅसेट्ससाठी घेतलेलं ड्राय कॅबिनेट: एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

कुडाळजवळच्या आमच्या घरात बाबांच्या ७१ व्हीएचएस कॅसेट्स आहेत. १९८८ ते २००१ या काळात ते लग्नांचं आणि जत्रांचं शूटिंग करायचे. लग्नाच्या कॅसेट्स ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. आमच्याकडे राहिले ते दशावताराचे प्रयोग. नाटक रात्रभर चालायचं आणि कॅसेट तीन तासांची, म्हणून एकेका प्रयोगाच्या दोन-तीन कॅसेट्स. त्यातले कितीतरी कलाकार आता नाहीत.

घर चिऱ्याचं, वर कौलं. गेल्या एप्रिलमध्ये कपाट उघडलं तर कुबट वास आला. एक कॅसेट हातात घेऊन तिच्या खिडकीवर टॉर्च तिरका धरला. काळ्या फितीच्या गुंडाळीवर, अगदी कडेला, रांगोळी सांडावी तशी पांढरी भुकटी होती. बाबांनी प्रत्येक कप्प्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्यानं झुरळं लांब राहिली असतील, पण गोळ्या ओलावा शोषत नाहीत, आणि बुरशीला लागतो तो ओलावाच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती पसरायला लागते. कोकणातला जुलै कसा असतो ते वेगळं सांगायला नको.

मे महिन्यात ८० लिटरचं ड्राय कॅबिनेट घेतलं. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी विकतात तेच. काचेचं दार आणि आत दिवा बघून आईनं विचारलं, "कॅसेटींका फ्रीज हाडलंस काय रे?" ते थंड काहीच करत नाही. मागच्या डबीतलं रसायन आतला ओलावा ओढून घेतं, मग डबी तापते आणि तो ओलावा बाहेर सोडते. रात्री शांत असताना तिची झडप मिटल्याचं 'टक्' ऐकू येतं, बाकी आवाज नाही. विजेच्या बिलात फरक जाणवला नाही.

आता मुख्य तक्रार. कॅबिनेटचा आकडा खोटा आहे. दारावर ४१ टक्के दिसत होते, आत ठेवलेला वेगळा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, ४८ सांगत होता. खरं कोण हे मिठानं कळलं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, पातळ होऊ द्यायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवायचे. सकाळी आकडा ७५च्या आसपास हवा. माझा ७४ आला, म्हणजे चूक कॅबिनेटची. विक्रेत्याला कळवलं तर "एवढा फरक चालतो" असं उत्तर मिळालं. लेन्ससाठी चालत असेल. मी आकडा ३४ वर लावला, तेव्हा कुठे आत खरे ४० ते ४२ टक्के राहायला लागले. त्याहून फार कोरडं करू नये, म्हणून आणखी खाली नेलं नाही.

दुसरी गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण ही चूक माझ्या हातून झाली. बुरशी दिसत असतानाही एक कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली. दोन मिनिटांत चित्रावर बर्फ पडल्यासारखं झालं, फित वाचणारं हेड भुकटीनं भरलं. पण खरं नुकसान पुढचं. त्याच मशीनमध्ये नंतर लावलेल्या दोन चांगल्या कॅसेट्सवरही ती भुकटी गेली. कॅबिनेट बुरशी थांबवतं, आधीची काढत नाही. त्यामुळे खराब कॅसेट्स आधी वेगळ्या डब्यात दोन आठवडे वाळवल्या. वाळली की बुरशी चिकट राहत नाही, ब्रशनं निघते. हे काम अंगणात, तोंडाला एन-९५ मास्क लावून केलं. कॅसेटच्या खालचे पाच स्क्रू काढून रिळं नव्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. पुठ्ठ्याची कव्हरं टाकून दिली, कारण पुठ्ठा ओल धरतो. टाकण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढला, त्यावर बाबांचं अक्षर होतं: "माणगाव जत्रा, कॅसेट २". साफसफाईनंतर कॅसेट पहिल्यांदा चालवून बघायला आता एक जुना व्हीसीआर राखून ठेवलाय, चांगली कॅसेट त्यात जात नाही.

जुलैत दोन दिवस सलग वीज नव्हती. दार उघडलं नाही, तर आतला आकडा ४१ वरून फक्त ४९ पर्यंत चढला. खोलीत तेव्हा ९३ होते. दाराचं रबर चांगलं आहे, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. उलट दार नुसतं पाच मिनिटं उघडं राहिलं तरी आकडा खाली यायला दोन-अडीच तास लागतात.

कॅबिनेटमध्ये ५४ कॅसेट्स मोकळ्या मावल्या, सगळ्या उभ्या. उरलेल्या १७ हवाबंद डब्यांत सिलिका जेलसोबत, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत, ठेवल्या. आणि प्रामाणिकपणे सांगतो, डबेही कॅबिनेटइतकेच कामाला आले. जेल नारिंगी घेतलं, ओल धरली की ते हिरवं होतं. पावसात दर तीन आठवड्यांनी ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास तापवावं लागलं. ज्यांच्याकडे वीसेक कॅसेट्स आहेत त्यांनी वीस हजार घालू नयेत, डबे आणि एक तपासलेला हायग्रोमीटर पुरेल. माझ्यासारखं ज्याला नोकरीमुळे महिना महिना घरी येता येत नाही, त्याला मात्र कॅबिनेटच हवं.

आज फेब्रुवारी संपत आला. टॉर्च लावून ७१ च्या ७१ पाहिल्या, नवी बुरशी एकीवरही नाही. ३१ कॅसेट्स संगणकावर उतरवून झाल्या. हे काम रेंगाळून चालणार नाही. जगातल्या शेवटच्या व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीनं २०१६ सालीच उत्पादन थांबवलं, आणि माझ्या चांगल्या मशीनचं हेड झिजत चाललंय.

एका कॅसेटला अजून हात लावलेला नाही. तिच्या फितीचे थर एकमेकांना चिकटलेत, जोर केला तर चित्र धरून ठेवणारा लेप निघून येईल. तिच्यात माझे आजोबा पेटीवर बसलेत. ती वेगळ्या डब्यात, नव्या जेलसोबत ठेवलीये. असं काम हातानं करणारा माणूस मिळेपर्यंत ती तिथेच राहील.