मराठी ग्रंथसूचीसाठी अपाचे सोलर: फील्डांच्या वजनांचा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या ग्रंथसूचीसाठी आम्ही अपाचे सोलर हे मुक्तस्रोत शोध-इंजिन वापरतो. शब्द शोधून काढण्याचे काम ते चोख करते. मात्र शीर्षक, लेखक, विषय आणि परिचय अशा वेगवेगळ्या फील्डांत तोच शब्द आढळला, तर कोणते पुस्तक वर यावे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

'शिवाजी' हा शब्द घ्या. सर्व फील्डांना सारखेच वजन असताना, शिवाजी नावाच्या एखाद्या लेखकाचे ऊसशेतीवरील पुस्तक शिवचरित्रांच्या वर येऊ शकते. सोलरमध्ये 6व्या आवृत्तीपासून मूळचेच असलेले, जुळणीचे गुण देणारे बीएम25 हे सूत्र शब्दाची दुर्मिळता प्रत्येक फील्डात स्वतंत्रपणे मोजते आणि दुर्मिळ शब्दाला जास्त गुण देते; मराठी वाचनालयात हा शब्द शीर्षकांत विपुल, तर लेखकांच्या नावांत विरळ असल्याने लेखक-फील्डाचे गुण फुगतात. ई-डिसमॅक्स या अनेक फील्डांत एकत्र शोधण्याच्या सोलरच्या पद्धतीत शब्दागणिक सर्वाधिक गुणांचे फील्डच धरले जाते, त्यामुळे हा फुगवटा थेट क्रमवारीत उतरतो. शीर्षकाला 5 आणि लेखकाला 2 असे वजन दिल्यावर चरित्रे वर आली. त्याच पद्धतीतला 'टाय' हा आकडा 0.1 ठेवल्याने उरलेल्या फील्डांचे गुणही दशांशाने जमेस धरले जातात, आणि शीर्षक व विषय या दोन्हींत जुळणाऱ्या पुस्तकाला न्याय मिळतो. अर्थात लेखकाचे वजन फार उतरवले, तर आडनावाने शोधणाऱ्या वाचकाला त्या लेखकाच्या पुस्तकांआधी त्याच्यावर लिहिलेली पुस्तके दिसू लागतात. म्हणून वाचक प्रत्यक्ष काय टाइप करतात, ते पाहूनच हे आकडे ठरवावेत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती डीबगची सोय. प्रत्येक पुस्तकाचे गुण कोणत्या फील्डातून आणि कोणत्या गुणाकाराने आले, हे ती उलगडून दाखवते. एवढा पारदर्शक हिशेब हाती असल्यामुळे वजनांची चर्चा ग्रंथपालांनाही समजावून सांगता येते.

2014मध्ये बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलल्यामुळे आमच्या नोंदींत 'बेळगाव' आणि 'बेळगावी' ही दोन्ही रूपे आहेत. पर्यायी शब्दांच्या यादीने ती जोडता आली. ही यादी सर्व फील्डांना सारखीच लावावी, अन्यथा शब्दागणिक होणारा हिशेब बिघडू शकतो. उणीव आहे ती मराठी प्रत्ययांची: सोलरसोबत मिळणारा हिंदीचा स्टेमर, म्हणजे प्रत्यय तोडून शब्द मूळ रूपावर आणणारे साधन, 'बेळगावच्या'ला 'बेळगाव'पर्यंत आणत नाही, त्यामुळे प्रत्यय तोडण्याचे नियम स्वतः लिहावे लागतात. ज्या वाचनालयाकडे तेवढे काम करणारी व्यक्ती आहे, त्याने सोलर निःशंकपणे घ्यावे.