नळाचा माठ: मार्चपासून आतापर्यंत

माठ कसा असतो हे खानदेशात कुणाला सांगायला नको. परवा रात्री याचा नळ गळला आणि सकाळी ओट्यावरचं पाणी पिठाच्या डब्याखाली गेलं होतं, म्हणून लिहायला बसलो. धुळ्यात ज्या मावशींकडून घेतला त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "नळनी गॅरंटी कोन देस भाऊ?" पुढे काय बोलणार! साडेतीनशे मोजलेत, फुकट नाही आणला.

माठ जरा बाजूने बघा. पोट जिथे सगळ्यात फुगीर, तिथून खाली अंग आत वळतं, आणि नळ नेमका त्या उतारावर. त्यामुळे तोटी समोर न बघता जमिनीकडे बघते. आणखी खाली बसवला तर पेला धरता येणार नाही, वर बसवला तर अर्धं पाणी आतच. आत्ताच तळाशी चार बोटं पाणी राहतं. आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, आणि हा बाबा पाणी दाबून बसतो! रोज माठ कलता करून ते भांड्यात काढायचं काम माझ्याकडेच. वायसर सपाट, माठ गोल. रबर सगळीकडून सारखं टेकत नाही. आता आतून-बाहेरून जाड वायसर टाकलेत. पान्याने आवळू नका, माठ तडकतो. हातानेच आवळा.

गारव्याबद्दल मात्र बोलायची सोय नाही. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीकडे, हवा कोरडी ठाक. बाहेर पाझरलेलं पाणी लगेच उडतं, आतलं गार होतं. तेव्हा पाण्याची पातळी बाहेरूनच दिसायची: ओल्या भागाचा रंग गडद विटकरी, वरचा फिका, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. झाकण न काढता किती उरलं ते कळायचं. जूनपर्यंत पाच तारे देणार होतो. पावसाळा लागला, हवा दमट झाली, बाहेरचं पाणी उडेना, आणि माठातलं नुसतं साधं पाणी.

त्यात अंगावर पांढरे पट्टे उमटले. ते पाण्यातले क्षार; पाणी उडून जातं, ते मागे राहतात आणि छिद्रं बुजवतात. नारळाच्या शेंडीने घासलं की निघतात. साबण लावायचा नाही, तो मातीत मुरतो.

काळा घ्यावा की लाल, असं शेजारचे आबा विचारत होते. माती तीच असली तरी मोकळ्या हवेत भाजली की लोहामुळे लाल होते, धूर कोंडून भाजली की काळी. गारवा रंगावर नाही, पाझरण्यावर आहे.

तीन तारे. एक मातीला, एक मे महिन्याला, एक त्या रेघेला. नळाला शून्य. पुढच्या वेळी बिननळाचा आणि ओगराळं घ्यायचं माझ्या मनात आहे, पण आईला वाकवत नाही. म्हणजे नळाचाच येणार, फक्त भोक कुठे पाडलंय ते दुकानात पाणी भरून बघणार.