चहा झाला होता त्याच टाकीवर, तरी बिल १९.२ गॅलनचं

मोटरहोम घेऊन ग्रँड कॅन्यनला निघणाऱ्यांनी आधी हे वाचा. आमचे ७४ डॉलर ६९ सेंट सरळ लुबाडले, आणि त्यापायी सांगलीहून आलेली माझी ७१ वर्षांची आई ऑक्टोबरच्या थंडीत पहाटे तीनला दोन शाली गुंडाळून कुडकुडत बसली. पैशांपेक्षा तेच जास्त लागलंय मला.

हमरस्त्यालगत एका ठिकाणी प्रोपेन, म्हणजे गाडीतल्या शेगडीचा आणि हीटरचा गॅस, भरायला थांबलो. आतल्या पॅनेलवर टाकी दोन-तृतीयांश भरल्याचा दिवा लागला होता. भरणारा म्हणाला, हे दिवे खोटे, टाकीवरचा सेन्सर अडकतो. आता हे खरंच आहे, सेन्सर अडकतातच, म्हणून तर माझा विश्वास बसला. मग सगळ्यांना गाडीतून उतरवलं. तोही नियमच आहे. कार्डाचं मशीन बंद आहे, रोख आत काउंटरवर द्या, म्हणाला. मी देऊन येईपर्यंत त्याने नळी गुंडाळलीसुद्धा होती. हाताने लिहिलेलं बिल: १९.२ गॅलन, दर ३.८९.

१९.२! आमची टाकी २४ गॅलनची. उष्णतेने प्रोपेन फुगतं म्हणून टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे बरोबर १९.२. टाकी पार खडखडीत असेल तरच एवढा गॅस मावतो. आणि त्याच सकाळी त्याच टाकीवर दोनदा आल्याचा चहा झाला होता! पातेलं अजून सिंकमध्ये होतं. आकडा हातात होता, पातेलं डोळ्यांसमोर होतं, आणि मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. वाण्याचं बिलसुद्धा तपासल्याशिवाय पैसे न देणारी बाई आहे मी. पण आई उन्हात ताटकळली होती, मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. अशा घाईत कोण गुणाकार करत बसतं?

टाकीवरच काटा असतो, तो बघा. दिवे नव्हे, काटा. भरण्याआधी आणि भरल्यावर, दोन्ही वेळा फोटो काढा.

तिसऱ्या रात्री हीटर थंड पडला. आमचा हीटर तासाला ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप), एका गॅलनवर अखंड तीन तास चालतो. तिन्ही रात्री दहा-दहा तास एकदाही न थांबता चालला असता तरी १० गॅलन लागले असते. फ्रिज आणि गीझर कितीसा गॅस खाणार? आईला घेऊन मोटेल गाठलं, त्याचे १३९ डॉलर. एकूण २१३ डॉलर ६९ सेंट.

सकाळी दुसरीकडे भरला. तिथल्या बाईने आधी मला बोलावून मीटरवरचा शून्य दाखवला. टाकीचा छोटा स्क्रू सैल केला आणि त्यातून पांढरी वाफ फुसफुसली तेव्हाच नळी बंद केली. ती वाफ म्हणजे ८० टक्के झाले. आधीच्या ठिकाणी ती फुसफुस मी ऐकलीच नव्हती.

वजनमापांच्या खात्याला फोन केला, ४० मिनिटं ताटकळले. मीटरचा फोटो आहे का? छापील पावती? नाही म्हटल्यावर आवाजच बदलला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: मीटर तपासला, बरोबर आहे, तक्रार बंद. अहो, मीटर बरोबरच असणार! मीटरवर किती होतं आणि कागदावर किती लिहिलं, हाच तर माझा प्रश्न होता! पोलिसांनी दिवाणी मामला म्हणून हात झटकले. ग्राहक तक्रार विभागाने अकरा पानी फॉर्म भरून घेतला, तो त्याच दुकानदाराला पाठवला, त्याने नाही म्हटलं, आणि तेच नाही मला सरकारी कागदावर छापून पाठवलं. ७१ वर्षांची बाई थंडीत बसली होती हे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती.

प्रोपेनची सुटी बाटली वापरणाऱ्यांनो, नळीला लावायचा हिरवा-लाल गेज घेऊ नका. तो दाब दाखवतो, आणि आतलं द्रव संपत येईपर्यंत दाब तसाच राहतो. बाटली वजनकाट्यावर ठेवा, कडीवर टीडब्ल्यूपुढे कोरलेलं रिकाम्या बाटलीचं वजन वजा करा. गॅलनला सव्वाचार पौंड धरा.

बिल माझ्याकडे जपून ठेवलंय. त्या रस्त्यावर हाताने लिहिलेलं, टाकीच्या बरोबर ८० टक्क्यांचं बिल आणखी कुणाला मिळालं असेल, तर तारखेसकट तक्रार टाका. एकटीची माझी त्यांनी बंद केली आहे.