बागलाण मोहीम, आठ महिन्यांनंतर: फाशांपेक्षा तहांनीच जास्त घोळ घातला

बागलाण मोहीम हा आमचा टेबलावर खेळायचा युद्धखेळ, नियम घरगुती आहेत. नकाशावरच्या चाली ‘डिप्लोमसी’ या बोर्डगेमसारख्या, चिठ्ठीवर लिहून सगळ्यांनी एकदम उघडायच्या, दोन फौजा एका घरात आल्या की लढाई टेबलावर, फाशांनी. नकाशा बागलाणापासून त्र्यंबकपर्यंत. २२ घरं, साल्हेर, मुल्हेर, हातगड, रामशेज धरून ८ किल्ले, सहा खेळाडू.

तक्रारी सगळ्या फाशांच्या येतात. सुरुवातीला लढाईचा निकाल एकाच फाशावर होता आणि ती चूकच होती. १ किंवा ६ पडण्याची शक्यता ३३ टक्के, म्हणजे दर तिसरी लढाई टोकाला जाणार. दोन फाशांची बेरीज घेतली की २ किंवा १२ जेमतेम साडेपाच टक्के. शेवटी टिकली ती तिसरी पद्धत: जेवढ्या तुकड्या तेवढे फासे, ४ किंवा त्यावर दान पडलं की एक मार. चार फाशांत एकही मार न बसण्याची शक्यता १६त १, आठ फाशांत २५६त १. फौज एकवटायची की विखरायची, हा हिशेब मग खेळाडूच्या हातात येतो. किल्ल्यावर चढणाऱ्याला ५ किंवा त्यावर दान लागतं. त्याचे सरासरी मार निम्म्यावरून एक तृतीयांशावर येतात, म्हणजे तेवढेच मार बसवायला दीडपट फौज हवी. ६ची अट घालून पाहिली तर किल्ल्याकडे कुणी फिरकेना. रामशेज १६८२पासून काही वर्षं झुंजला हे खरं, पण रविवारच्या दुपारी तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

खरा तोल बिघडतो तहांनी. शेजारच्या दोघांनी कायमचा तह केला की दोघांचीही एक सरहद्द मोकळी होते आणि सगळी फौज बाहेर वळते. त्यावर कसलाही डावपेच चालत नाही. मूळ ‘डिप्लोमसी’त (१९५९) फासे नाहीतच, तिथे जिंकायला नकाशावरच्या ३४ केंद्रांपैकी १८ लागतात, ती मिळवायला कधी ना कधी मित्राच्या पाठीत सुरा खुपसावाच लागतो. इथे तशी गरज नियमाने निर्माण करावी लागली. तह कागदावर, मुदत दोन हंगाम (हंगाम म्हणजे खेळाची एक फेरी), नूतनीकरणाला दोघांची एकेक रसद, म्हणजे किल्ल्यांकडून मिळणारं उत्पन्न. तह मोडायला मुभा आहे, पण पुढचा एक हंगाम मोडणाऱ्याला कुणाचीही कुमक चालत नाही. आधी दंड रसदीत होता. श्रीमंत खेळाडू तो हसत हसत भरायचा. बोलणी आठ मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून. जास्त वेळ दिला की तेच दोघं गॅलरीत जाऊन बसतात.

जिंकणारा फुगत जाऊ नये म्हणून जिंकलेला किल्ला पहिला हंगाम रसद देत नाही आणि एक तुकडी शिबंदीला अडकते. हरलेल्याच्या पडलेल्या तुकड्यांपैकी निम्म्या परत येतात. शेवटचा हंगाम आधी ठाऊक असला की त्या फेरीत सगळेच फितूर होतात. म्हणून सातव्यापासून दर हंगामाअखेर एक फासा टाकायचा, ५ किंवा ६ आला की मोहीम संपली.

साहित्यात फोमबोर्डचा नकाशा पावसाळ्यात वाकला. प्लायवर चिकटवलेला चांगला टिकला. सोंगट्यांना शर्टाची बटणं पुरतात.

एक गोष्ट अजून बसलेली नाही. चौथ्या हंगामातच बुडालेला खेळाडू उरलेला किल्ला रागाने कुणालातरी देऊन टाकतो आणि विजेता तिथेच ठरतो. सध्या असे किल्ले तटस्थ धरतो, शिबंदी दोन तुकड्यांची.